श्रेयांकांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास. प्रयोगशाळेत त्याच श्रेयांकासाठी ३० तास द्यावे लागतात. त्यामुळे प्रात्यक्षिकांचे विषय एकाच सत्रात गोळा झाले, की कागदावर हलका दिसणारा आठवडा पार भरून जातो.

नियोजन शेवटाकडून सुरू करणे सर्वांत हिताचे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण हवेत. ही अट तिसऱ्या वर्षी कळली, तर फार उशीर झालेला असतो, कारण पहिल्या सत्राचे गुणही त्यात धरले जातात. अर्थशास्त्रात पुढे जाणाऱ्याने गणित किंवा संख्याशास्त्राची जोड सुरुवातीलाच द्यावी.

घरच्या अडचणीमुळे शिक्षण मध्येच थांबते, आणि हे कित्येक हुशार मुलामुलींच्या वाट्याला येते. तरीही मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहू शकतात. त्यासाठी तिथले खाते पहिल्याच सत्रात उघडावे आणि प्रत्येक निकालानंतर नोंद तपासावी.