ओसरत्या क्रीडामेळ्याचा प्रेक्षक

एखाद्या गोष्टीकडे लक्ष देणे केव्हा सार्थ ठरते, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात ज्ञानाच्या आणि उपासनेच्या संदर्भात पुष्कळदा चर्चिला गेला आहे. खेळाच्या संदर्भात मात्र तो तितक्या गांभीर्याने क्वचितच विचारला जातो. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांची सध्याची अवस्था तो विचारायला भाग पाडते. ही बहुक्रीडा स्पर्धा आहे, म्हणजे अनेक देशांचे खेळाडू एकाच वेळी, एकाच यजमानाकडे, निरनिराळ्या खेळांत चढाओढ करतात. १९८४ मध्ये काठमांडू येथे सात देशांनी तिचा आरंभ केला, तेव्हा ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांची वर्षे वगळून ती दरवर्षी भरावी अशी योजना होती. प्रत्यक्षात अंतरे वाढत गेली. २००६ मध्ये कोलंबो, २०१० मध्ये ढाका, २०१६ मध्ये गुवाहाटी आणि शिलाँग, २०१९ मध्ये पुन्हा नेपाळ, आणि त्यानंतर पाकिस्तानने भरवायच्या चौदाव्या स्पर्धेच्या तारखा पुनःपुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. २००४ मध्ये सामील झालेला अफगाणिस्तान २०१६ नंतर या मेळ्यातून बाहेर पडला. ज्या प्रादेशिक सहकार्याच्या भावनेतून स्पर्धा जन्मली, त्या भावनेची राजकीय संघटना असलेल्या सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये झाली. अशा मेळ्याचा मागोवा घेत राहण्यात काही अर्थ उरला आहे काय?

हा प्रश्न दिल्लीत किंवा मुंबईत विचारला तर त्याचे उत्तर बहुधा व्यवहाराच्या भाषेत मिळेल: जिथे जगातील सर्वोत्तम खेळाडू उतरत नाहीत, तिथे पाहण्यासारखे काय असणार? धाराशिव जिल्ह्यात मात्र हा प्रश्न वेगळा होतो, आणि त्याचे कारण खो-खो आहे. पुण्याच्या मैदानांवर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ज्याच्या नियमांना आकार येऊ लागला, त्या या देशी खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान नाही. दक्षिण आशियाई स्पर्धेत तो २०१६ मध्ये प्रथम समाविष्ट झाला, आणि त्या वर्षी सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती तेव्हा उस्मानाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच जिल्ह्यातील सारिका काळे. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा सुमारे दहा वर्षे एकवेळच्या जेवणावर काढल्याची आठवण तिने सांगितली होती. आणि त्या वेळी ती याच जिल्ह्यातील तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पण त्याच्या नऊ वर्षे आधी, ज्या खेळाला जगात दुसरे मोठे दार नव्हते त्याच्यासाठी, हा ओसरता मेळाच देशाची जर्सी अंगावर चढवण्याचा मार्ग होता. म्हणून ‘ओसरती स्पर्धा’ हे वर्णन कोणाच्या जागेवरून केले जाते, याला महत्त्व आहे. वरून पाहणाऱ्याला जी पायरी शेवटची आणि नगण्य दिसते, ती खालून येणाऱ्याच्या दृष्टीने पहिली आणि बराच काळ एकमेव असू शकते.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण खेळाडूला स्पर्धा हवी असणे आणि प्रेक्षकाने ती पाहावी असे म्हणणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पाहणाऱ्याचे स्थान काय, याविषयी पाश्चात्त्य परंपरेत एक प्रसिद्ध दृष्टान्त सांगितला जातो, तो पायथागोरसच्या नावावर आहे आणि रोमन विचारवंत सिसेरोने नोंदवलेला आहे. ग्रीकांच्या महोत्सवी क्रीडास्पर्धांना तीन प्रकारचे लोक जातात. काही यशाच्या मुकुटासाठी, काही खरेदी-विक्रीसाठी आणि काही केवळ पाहण्यासाठी. यांतले तिसरे, ज्यांना तिथून काहीच न्यायचे नसते, ते तत्त्वचिंतकासारखे. या दृष्टान्तात प्रेक्षकाला मोठा मान मिळतो, परंतु तो मान अलिप्ततेचा आहे. सांख्य दर्शन, म्हणजे पुरुष हे चैतन्य आणि प्रकृती ही क्रियाशील सृष्टी अशी दोन मूलतत्त्वे मानणारी विचारपद्धती, याच्याही पुढे जाते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृतीला रंगमंचावरील नर्तकीची उपमा दिली आहे. प्रेक्षकांना आपले दर्शन घडवून ती जशी निवृत्त होते, तशी पुरुषासमोर स्वतःला प्रकट करून प्रकृती थांबते. इथे पाहणारा साक्षी आहे, म्हणजे तो काहीच करत नाही, आणि तरीही सगळा खेळ त्याच्याचसाठी चालतो. अशा प्रेक्षकाला एखादा मेळा ओसरल्याचे दुःख होण्याचे कारण नाही. नर्तकी थांबली, तर ते पाहणे पूर्ण झाल्याचे लक्षण ठरते.

साक्षीभावाची ही कल्पना मोक्षशास्त्रात जितकी खोल आहे, तितकीच ती मैदानाच्या काठावर अपुरी पडते. तिथे अधिक उपयोगी पडणारी संकल्पना काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही आहे. रसास्वाद घेण्यास ज्याचे अंतःकरण तयार झालेले असते, कलाकृतीशी जो तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. अभिनवगुप्ताच्या विवेचनात रसाची निष्पत्ती रंगमंचावर पुरी होत नाही. ती या सहृदयाच्या अनुभवात पूर्णत्वाला जाते, आणि म्हणून प्रेक्षक हा नाट्याचा बाहेरचा माणूस राहत नाही. ही भूमिका खेळाला लावली तर एक गंभीर गोष्ट पुढे येते: पाहणारे उठून गेले की खेळाडूंचे श्रम तेच राहतात, परंतु त्या श्रमांचा जो अर्थ समाजात निर्माण व्हायचा, तो अपुरा राहतो. गुवाहाटीत मिळालेले पदक जिल्ह्यातल्या शाळकरी मुलींच्या मनात काही घडवणार असेल, तर ते कोणीतरी पाहिले, सांगितले, जपले म्हणूनच घडेल.

खुद्द खो-खोची रचनाच या बाबतीत फार बोलकी आहे, आणि तिच्याकडे तत्त्वचिंतकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. या धावणाऱ्याला मधला पट्टा ओलांडून पलीकडे जाता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय बदलता येत नाही. संरक्षण करणारी खेळाडू हुलकावणी देऊन दुसऱ्या बाजूला निसटली की त्याला बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीमागून खो देऊन आपली जागा सोडावी लागते. म्हणजे कोणत्याही क्षणी संघातील बहुसंख्य खेळाडू बसलेलेच असतात, आणि अर्ध्या मैदानाकडे त्यांची पाठ असते. त्यांचे बसणे हे खेळाबाहेरचे बसणे नसते. पाठीमागे काय चालले आहे हे पावलांच्या आवाजावरून ताडत, खो मिळताच निमिषार्धात उठण्याच्या तयारीत ते बसतात. त्यांचे अवधान सुटले तर धावणाऱ्याचा सारा वेग व्यर्थ जातो. साक्षीची स्थिरता आणि सहृदयाची गुंतवणूक या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात कशा नांदू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसऱ्या खेळात सापडणे कठीण आहे. प्रेक्षकाचा धर्म काय, असे विचारणाऱ्याने या बसण्याकडे पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येताना मीमांसकांनी केलेला कर्मांचा भेद उपयोगी पडतो. वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या या परंपरेने कर्मांचे तीन प्रकार मानले: विशिष्ट फळाच्या इच्छेने केले जाणारे ते काम्य, विशिष्ट प्रसंग आला म्हणून करावे लागणारे ते नैमित्तिक, आणि फळाची किंवा प्रसंगाची वाट न पाहता रोज करायचे ते नित्य. तुळजापूरच्या भवानी मंदिराशी परिचित असलेल्या कोणालाही हा भेद ग्रंथाविना कळतो. शारदीय नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला तिथे जनसागर लोटतो, परंतु चरणतीर्थ, अभिषेक, धूपारती आणि रात्रीची प्रक्षाळ पूजा हा क्रम एखाद्या ओसाड दुपारनंतरही तसाच चालतो. गर्दी नाही म्हणून पूजा लहान होत नाही. खेळ पाहण्याची आजची रीत जवळजवळ संपूर्ण काम्य झाली आहे. पदक मिळणार असेल, देशाचे नाव होणार असेल, जगातले मोठे खेळाडू दिसणार असतील, तर लक्ष द्यायचे. फळाची शाश्वती कमी झाली की लक्ष काढून घ्यायचे. काम्य दृष्टीला ओसरत्या स्पर्धेत काहीच सापडणार नाही, हे उघड आहे. प्रश्न एवढाच की, खेळाडूंशी समाजाचे जे नाते आहे त्यात नित्याचा काही अंश असावा की नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. देवता चिरंतन मानली जाते, म्हणून तिची नित्य पूजा समजू शकते. क्रीडास्पर्धा ही माणसांनी, त्यातही सरकारांनी आणि संघटनांनी उभी केलेली व्यवस्था आहे, तिला चिरंतनत्व कोणी दिले? हा आक्षेप मान्य करायलाच हवा. ऑलिंपियाची प्राचीन स्पर्धा परंपरेनुसार इसवी सनपूर्व ७७६ पासून हजार वर्षांहून अधिक काळ चालली आणि तरीही संपली. जवळचे उदाहरण हवे तर धाराशिव जिल्ह्यातलेच तेर पुरेसे आहे. प्राचीन काळी तगर नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगराचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी-प्रवासवर्णनात येतो, आणि रोमन जगाशी असलेल्या त्याच्या व्यापाराच्या खुणा आज तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. तो व्यापार थांबला. तो चालू असल्याचे नाटक करत राहणे हे कोणाचेही कर्तव्य नव्हते. नित्यतेचा अंश व्यवस्थेशी बांधलेला नसून त्या व्यवस्थेत उतरणाऱ्या माणसांशी बांधलेला आहे. एखादी स्पर्धा खरोखरच निष्प्राण झाली, म्हणजे तिच्यातून कोणाचीच वाट पुढे जात नाही अशी स्थिती आली, तर तिच्यापासून दूर होण्यात दोष नाही.

दक्षिण आशियाई स्पर्धा तशी निष्प्राण झाली आहे काय? तिच्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा एकतर्फीपणाचा आहे. २०१९ च्या स्पर्धेत भारताने १७४ सुवर्णांसह ३१२ पदके मिळवली, आणि त्या वेळी अनेक खेळांत भारताने आपले आघाडीचे खेळाडू पाठवलेही नव्हते. ज्या लढतीचा निकाल आधीच ठरल्यासारखा आहे, ती लढत या नावाला पात्र आहे का, अशी शंका रास्त आहे. तथापि त्याच स्पर्धेत यजमान नेपाळने ५१ सुवर्णांसह २०६ पदके मिळवून दुसरे स्थान गाठले, ही गोष्ट भारतीय वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नाही. २०२५ च्या खो-खो विश्वचषकातही महिलांच्या आणि पुरुषांच्या दोन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर नेपाळच उभा होता, आणि भारताने महिला गटात ७८-४० व पुरुष गटात ५४-३६ असा विजय मिळवला. मराठी मुलखात रुजलेला खेळ शेजारच्या देशाने इतक्या निष्ठेने आत्मसात करावा, यात या ओसरत्या मेळ्याचाही वाटा आहे, असे मानायला जागा आहे; कारण ज्या थोड्या ठिकाणी हे संघ एकमेकांसमोर येऊ शकत होते, त्यांपैकी हे एक होते. केवळ विजेत्याकडे पाहणाऱ्याला एकतर्फीपणा दिसतो. शिकत असलेल्या प्रतिस्पर्ध्याकडेही पाहणाऱ्याला तिथे हालचाल दिसते.

प्रसिद्धी ही योग्यतेची कसोटी होऊ शकत नाही, हे याच जिल्ह्याने सांगून ठेवले आहे. तेरच्या गोरा कुंभारांविषयीची संतपरंपरेतील कथा सर्वांना ठाऊक आहे: संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी तपासण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले, आणि ज्यांची कीर्ती मोठी होती ते नामदेवच कच्चे ठरले. कथेचा रोख सामान्यतः गुरूच्या आवश्यकतेकडे लावला जातो, कारण पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. परंतु तिच्यात परीक्षेच्या पद्धतीविषयीही एक निश्चित भूमिका आहे. गोरोबांनी कोणाची कीर्ती किती, हे विचारले नाही; जवळ जाऊन, हाताने, एकेक मडके तपासले. आजच्या क्रीडारसिकाला नेमके हेच नको असते. त्याला दर्जाची यादी तयार हवी असते: ऑलिंपिक वर, आशियाई त्याखाली, राष्ट्रकुल त्याखाली, आणि दक्षिण आशियाई नजरेआड. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२३ मध्ये यजमानपद सोडल्यावर २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा ग्लासगोला अवघ्या दहा खेळांवर आली, तेव्हा तिच्याही बाबतीत हीच निरवानिरवीची भाषा सुरू झाली. आणि याच स्पर्धेत २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला शेजारच्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळेने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य मिळवताना केनियाच्या धावपटूंचे प्रदीर्घ वर्चस्व मोडले होते, याची आठवण तेव्हा फार थोड्यांना होती.

धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने यातून निघणारी अपेक्षा मोठी नाही, पण ती ठोस आहे. चौदावी दक्षिण आशियाई स्पर्धा जेव्हा भरेल तेव्हा, आणि ती भरावी यासाठी राजकीय वैराच्या पलीकडे जाऊन आग्रह धरणे हेही पाहण्याच्या कर्तव्यातच येते, तिच्या बातम्या केवळ भारताच्या पदकतालिकेपुरत्या राहू नयेत. नेपाळ आणि बांगलादेशच्या खो-खोपटूंची नावे, त्यांच्या संरक्षणाच्या वेळा, खांबावर झालेले बाद, सूर मारून टिपलेले गडी हे सारे तालुक्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलींपर्यंत मराठीत पोहोचले पाहिजे, कारण उद्या त्यांना याच संघांविरुद्ध खेळायचे आहे. हे काम शाळांचे क्रीडाशिक्षक, जिल्हा संघटना आणि स्थानिक वृत्तपत्रे आजही करू शकतात, आणि त्यासाठी स्पर्धेची प्रतिष्ठा परत येण्याची वाट पाहावी लागत नाही.