तेरड्याला खोडवा नसतो

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण हिणवण्यासाठीच वापरतो. १९९२ च्या डिसेंबरनंतर आमच्याच जमातीतल्या एका बुजुर्गांनी ती अब्बांना ऐकवली होती, "तुमचं शेजाऱ्यांशी सख्य म्हणजे तेरड्याचा रंग." अब्बा गप्प राहिले.

तेरडा खरा सह्याद्रीतल्या ओल्या रानाकडेचा. पावसाबरोबर उगवतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि ओल सरली की मरतो. आमचं कोऱ्हाळे बुद्रुक पर्जन्यछायेतलं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर काढलेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे या पट्ट्यात ऊस उभा राहिला. तेरडा मात्र आमच्या मोरीच्या सांडपाण्यावर जगायचा. अम्मा त्याला गुलमेहंदी म्हणे, शेजारच्या काकू तेरडा. त्याचा पाला वाटून बहिणी नखं रंगवत आणि गौरी आल्या की काकू त्यातलीच चार रोपं मुळासकट घेऊन जात.

१९९३ च्या भाद्रपदात अम्मा सकाळपासून दाराकडे पाहत होती. काकू आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "यंदा तेरडा आहे का गं?" अम्मा काहीच बोलली नाही. तिने रोपं उपटली, मुळांची माती झटकली आणि त्यांच्या ओटीत घातली.

जे टिकत नाही ते खोटं असतं का? उसाचं एक बरं असतं. एकदा लावला की तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटतो, खोडवा घेता येतो. तेरड्याला खोडवा नाही. त्याची बोंडं पिकली की बोट लागताच तडकतात, बी उडतं आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं पहिल्यापासून. माणसामाणसांतल्या सलोख्याला आपण उसासारखं समजतो. आजोबांनी लावला, आता आपण नुसता तोडायचा. बुजुर्गांची म्हण चुकली नव्हती. रंग तीनच दिवसांचा असतो. त्यांनी फक्त बी मोजलं नव्हतं.

तरी एक प्रश्न मला टोचत राही. बी जपण्याचं काम दर वेळी एकाच अंगणाने का करावं? ज्याच्यावर संशय घेतला जातो, त्यानेच दरसाल नव्याने पेरत राहायचं, हा कुठला न्याय?

काही वर्षांनी आमची मोरी सिमेंटची झाली आणि तेरडा गेला. त्या मृगात काकू पदराला बांधलेली एक पुडी घेऊन आल्या. या वेळी उंबऱ्याच्या आत आल्या. म्हणाल्या, "तुझ्याच तेरड्याचं बी आहे. न्हाणीमागं टाक."