जकात: तोळा कोणता, तारीख कोणती?

रमजान तोंडावर आला की या सदराच्या टपालात जकातीचे प्रश्न वाढतात. यंदा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतल्या निम्म्यांना एवढेच विचारायचे आहे की, अंदाजाने दिले तर चालेल का? नाही चालणार. नमाजच्या रकाती आपण अंदाजाने मोजत नाही. जकातही तशीच फर्ज आहे. आधी हिशेब, मग हात खिशात. उत्तरे मुख्यतः हनफी मसलकानुसार दिली आहेत, कारण घाटावरची बहुतेक मंडळी हनफी आहेत.

शंका (एक भगिनी, बारामती): माझ्याकडे आठ तोळे सोने आहे. सासरचे म्हणतात, साडेसातच्या वर गेले, जकात द्यावी लागेल. माझे माहेर रत्नागिरीचे. आई म्हणते, वापरातल्या दागिन्यांना जकात नाही. कोणाचे ऐकू?

समाधान: आधी तोळा मोजू. फिकहच्या किताबांत साडेसात तोळे लिहिले आहे ते जुन्या, 11.664 ग्रॅमच्या तोळ्याने. त्याचे 87.48 ग्रॅम होतात. तुमचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. म्हणजे तुमचे सोने 80 ग्रॅम, निसाबाला, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेला, साडेसात ग्रॅम कमी. या एका घोटाळ्यापायी अनेक घरांत दरवर्षी वाद होतात.

पण एवढ्यावर सुटका नाही. सोन्याबरोबर बँकेत किंवा डब्यात स्वतःची थोडीफार शिल्लक असेल, तर हनफी मतानुसार दोन्हींची किंमत एकत्र धरतात आणि ती चांदीच्या निसाबाशी, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीच्या भावाशी ताडून पाहतात. चांदीचा निसाब सोन्याच्या मानाने फार खाली आहे. तो तुम्ही सहज ओलांडाल. मग एकूण किमतीच्या अडीच टक्के द्यायचे. किंमत त्या दिवशीच्या भावाने धरायची. घडणावळ त्यात येत नाही.

आईचेही चुकलेले नाही. कोकणातले मुसलमान शाफई आहेत आणि शाफई मतानुसार नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांना सूट आहे. गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या बिस्किटांना आणि वळ्यांना मात्र तिथेही नाही. लग्नाने मसलक बदलत नाही, तेव्हा तुम्ही शाफई राहू शकता. फक्त मग बारा महिने शाफई राहा. नमाज हनफी आणि जकातीपुरते शाफई, असे नको. आणखी एक, सोने तुमचे तर जकातही तुमची. नवऱ्याने तुमच्या संमतीने भरली तर अदा होते, पण तो बांधील नाही.

शंका (किराणा दुकानदार, इंदापूर): 31 मार्चला ताळेबंद होतोच. तीच तारीख धरली तर?

समाधान: जकातीचे वर्ष चांद्र आहे, साधारण 354 दिवसांचे. मार्च ते मार्च धरत गेलात तर तेहेतीसेक वर्षांत एका वर्षाची जकात बुडते. ज्या हिजरी तारखेला पहिल्यांदा निसाब पूर्ण झाला ती धरा. आठवत नसेल तर एक ठरवून टाका. ती रमजानातच असली पाहिजे असे नाही. इंग्रजी वर्षाशिवाय जमतच नसेल, तर अडीचऐवजी 2.577 टक्के द्या.

त्या दिवशी दुकानातला विक्रीचा माल चालू विक्रीभावाने धरा, रोकड आणि वसूल होण्याजोगी उधारी मिळवा, घाऊक व्यापाऱ्यांचे देणे वजा करा. फडताळे, फ्रीज, वजनकाटा, टेम्पो यांवर काही नाही.

शंका (ऊस बागायतदार, बारामती तालुका): नीरा डाव्या कालव्यावर ऊस आहे. सोसायटीचे कर्ज कापून कारखाना बिल देतो. हातात उरते त्याचे अडीच टक्के काढतो. बरोबर आहे ना?

समाधान: नाही. शेतमालाचा हिशेबच वेगळा आहे. त्याला उश्र म्हणतात. सूरह अल-अनआममध्ये कापणीच्या दिवशीच पिकाचा हक्क देण्याची आज्ञा आहे, त्यामुळे वर्ष भरायची वाट पाहायची नाही. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. सुप्याकडची जिरायत बाजरी दहा टक्क्यांत येते. पाणीपट्टी भरून आवर्तनावर काढलेला तुमचा ऊस पाच टक्क्यांत, आणि उजनीच्या फुगवट्यावरून मोटारीने पाणी उचलणाऱ्या इंदापूरकरांचाही.

आता कर्जाचे. हनफी मतानुसार उश्रातून कर्ज वजा होत नाही. बेणे, खत, मजुरी यांचा खर्चही नाही. पाण्याच्या खर्चापोटी शरीअतने दहाचे पाच आधीच केले आहेत. शंभर टन ऊस गेला तर पाच टनांचे पैसे उश्राचे, मग सोसायटीने कितीही कापोत. कडक वाटते, आहेच कडक. पण बिल जसे हप्त्याहप्त्याने येते तसा उश्रही हप्त्याहप्त्याने देता येतो. डाळिंबालाही इमाम अबू हनीफा यांच्या मतानुसार हाच नियम आहे. शेत वाट्याने दिले असेल तर ज्याने त्याने आपल्या वाट्याचा द्यावा.

हिंदुस्तानातली जमीन उश्री मानायची की नाही, यावर आलिमांत जुना मतभेद आहे. त्याचा आधार घेऊन अनेक बागायतदार मोकळे होतात. माझ्या मते सावधगिरी देण्यात आहे. उश्र दिल्यावर हातात उरलेली रक्कम मात्र तुमच्या जकातीच्या तारखेला इतर शिलकीत धरायची. गोठ्यातल्या जर्सी गाईंना विकत चारा लागतो, म्हणून त्या गाईंवर जकात नाही. दुधाच्या बिलातून उरेल ते त्याच शिलकीत.

शंका (तोच बागायतदार): ऊसतोड टोळीकडे उचल अडकली आहे. जकातीत वळती करून घेऊ?

समाधान: नुसते कर्ज माफ केल्याने जकात अदा होत नाही. रक्कम गरजूच्या हातात पडून तो तिचा मालक झाला पाहिजे. मजूर मुसलमान आणि हकदार असेल तर त्याला जकात रोख द्या. नंतर त्याने राजीखुशीने कर्ज फेडले तर घ्या. दारातच हात पसरून उभे राहू नका. तो मुसलमान नसेल तर चारही मसलकांच्या सर्वसाधारण मतानुसार जकात त्याला लागू होत नाही. नफली सदका मात्र खुशाल द्यावा. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्या, माफ केले तर अधिक चांगले, असे सूरह बकरात आहे, आणि त्यात कर्जदाराचा धर्म विचारलेला नाही. बुडीत उचल जकातीच्या खात्यावर टाकून वसूल करू पाहणे, हा व्यापारी हिशेब झाला.

शंका (एक वाचक, इंदापूर): जकात मशिदीच्या बांधकामाला किंवा चाँदशाहवली बाबांच्या उरुसाला देता येईल का? कर्जात बुडालेल्या सख्ख्या भावाला?

समाधान: बांधकामाला नाही, उरुसालाही नाही, तिथे कोणी माणूस मालक होत नाही. ते खर्च वेगळ्या वर्गणीतून करा. भावाला मात्र जरूर द्या. आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे आणि जोडीदार एवढे वगळून गरजू नातेवाइकाला दिल्याने सदका आणि नातेसंबंध, दोन्हींचे पुण्य आहे. कर्जदार हा सूरह तौबातल्या आठ हकदारांपैकीच एक. त्याला ‘ही जकात आहे’ असे सांगायची गरज नाही. नियत तुमच्या मनात असली की पुरे, ईदी म्हणून द्या. आणि किट वाटताना बाईच्या हातात पिशवी देऊन तिचा फोटो स्टेटसला टाकणाऱ्यांनी तो आधी काढून टाकावा.

शंका (निवृत्त शिक्षिका, बारामती): तीन वर्षांची जकात राहिली आहे. सोने तेव्हाही दहा तोळे होते, आजही तेवढेच. कशी काढू?

समाधान: वजनाने काढा. शंभर ग्रॅमवर पहिल्या वर्षी अडीच ग्रॅम, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 97.5 वर 2.44, तिसऱ्या वर्षी 95.06 वर 2.38. एकूण 7.32 ग्रॅम. त्याची आजच्या भावाने किंमत करून द्या; एकदम जमत नसेल तर पेन्शनमधून दरमहा थोडी थोडी द्या आणि वहीत लिहीत जा. रोख शिलकीचा हिशेब वर्षवार वेगळा करावा लागेल. पासबुके घेऊन बसा.