४९-० आणि ५६-५

रॉकी मार्सियानोच्या नावापुढे ४९ लढती, ४९ विजय आणि त्यांत ४३ नॉकआउट अशी नोंद आहे. मुहम्मद अलीच्या नावापुढे ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव आणि ३७ नॉकआउट. मार्सियानोने दहापैकी जवळजवळ नऊ लढती ठोसा मारून संपवल्या, अलीने सहा. नुसते आकडे पाहिले तर वादाला जागाच उरत नाही. तरीही मुष्टियुद्धाच्या जाणकारांना ‘सर्वश्रेष्ठ हेवीवेट कोण’ असे विचारले, तर बहुतेकजण अली किंवा ज्यो लुईचे नाव घेतात. शून्य पराभवाचा धनी मागे पडतो.

याचे एक कारण नोंदीच्या पद्धतीतच आहे. नवशिक्याला हरवले तरी एक विजय आणि विश्वविजेत्याला हरवले तरी एकच. गुणांवर जेमतेम निसटलेली लढतही त्याच रकान्यात जाते. त्यामुळे नोंद वाचायची ती नावे, वये आणि तारखा यांच्यासकट.

मार्सियानो मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन या जोडे बनवणाऱ्या गावचा. बाप इटलीहून आलेला, जोड्यांच्याच कारखान्यातला कामगार. उंची सहा फुटांच्या आत, हात आखूड, वजन सुमारे १८५ पौंड. आजच्या नियमांनुसार तो हेवीवेट गटात बसलाही नसता. १९४८पासून त्याने जवळच्याच प्रॉव्हिडन्स शहरात पुष्कळ लढती जिंकल्या, त्यातले बरेच प्रतिस्पर्धी आज फक्त त्याच्या नोंदीमुळे माहीत आहेत. यात गैर काही नाही, सगळेच मुष्टियोद्धे असेच वर येतात. पुढची मोठी नावे मात्र वयासकट पाहावी लागतात. ऑक्टोबर १९५१मध्ये त्याने ज्यो लुईला आठव्या फेरीत पाडले, तेव्हा कराच्या थकबाकीपायी पुन्हा रिंगणात उतरलेला लुई ३७ वर्षांचा होता. सप्टेंबर १९५२मध्ये ज्याच्याकडून त्याने जेतेपद घेतले तो जर्सी ज्यो वॉलकॉट ३८ वर्षांचा. शेवटचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर आपले जन्मसाल १९१६ सांगे आणि त्याची आई १९१३. म्हणजे १९५५च्या त्या रात्री तो ३८चा तरी होता नाहीतर ४१चा. एझर्ड चार्ल्स त्या मानाने तरुण होता. जून १९५४मध्ये तो मार्सियानोसमोर पूर्ण पंधरा फेऱ्या टिकला.

आणि हे शून्य अनेकदा जाता जाता वाचले आहे. मार्च १९५०मध्ये तोवर अपराजित असलेल्या रोलंड लास्टार्झाविरुद्ध पंचांत मतभेद झाले आणि मार्सियानो अगदी थोडक्यात वाचला. वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवले, आणि बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीतला उजव्या हाताचा एक ठोसा हुकला असता, तर आज ही चर्चाच नसती. चार्ल्सविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोचे नाक असे फाटले की डॉक्टर केव्हाही लढत थांबवू शकले असते. त्याने आठव्या फेरीत चार्ल्सलाच संपवले. हे सारे मार्सियानोला कमी लेखण्यासाठी सांगायचे नाही. हरत आलेली लढत एका ठोशात फिरवणे हाच तर त्याचा गुण होता. पण ४९-० एवढेच वाचणाऱ्याला तो गुण दिसत नाही, दिसते ते फक्त निर्वेधपण.

अलीची नोंद वाचताना आधी एक रिकामी जागा लक्षात घ्यावी लागते. मार्च १९६७मध्ये झोरा फॉलीला हरवले तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि २९ लढतींत एकदाही हरला नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याने सैन्यभरतीला नकार दिला. परवाने गेले, जेतेपद काढून घेतले गेले, आणि ऑक्टोबर १९७०पर्यंत त्याला लढता आले नाही. ही साडेतीन वर्षे कोणत्याही मुष्टियोद्ध्याची सर्वांत भरात असलेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या नकाराबद्दलची त्याची शिक्षा रद्द केली ती जून १९७१मध्ये. त्याआधी तीन महिने, पुनरागमनानंतरच्या तिसऱ्याच लढतीत, त्याच्या नावावर पहिला पराभव लागला होता. समोर होता ज्यो फ्रेझर, तोही अपराजित.

उरलेले चार पराभव असे. १९७३मध्ये केन नॉर्टन, त्या लढतीत अलीचा जबडा मोडला. फेब्रुवारी १९७८मध्ये लिऑन स्पिंक्स, आपली फक्त आठवी व्यावसायिक लढत लढणारा. १९८०मध्ये लॅरी होम्स, आणि १९८१च्या डिसेंबरात बहामामध्ये ट्रेव्हर बर्बिक. पैकी फ्रेझर आणि नॉर्टन यांना अलीने नंतर प्रत्येकी दोनदा हरवले, स्पिंक्सला सात महिन्यांत. राहिले होम्स आणि बर्बिक, आणि त्या वेळी अली ३८ व ३९ वर्षांचा होता. एकसष्ट लढतींत त्याची लढत मध्येच थांबवावी लागली ती एकदाच, होम्सविरुद्ध. जो हिशेब लुई आणि वॉलकॉट यांच्या वयाचा करायचा, तोच होम्सच्या या विजयालाही लावला पाहिजे. उलट अलीचेही काही विजय वादातले आहेत. १९७६मधली जिमी यंगशी आणि नॉर्टनशी तिसरी अशा दोन लढती तो हरायला हवा होता असे म्हणणारे तेव्हाही होते.

आता एक सोपी तुलना करता येते. मार्सियानोने एप्रिल १९५६मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. अलीने ऑक्टोबर १९७५मध्ये मनिलात फ्रेझरला चौदा फेऱ्यांत हार मानायला लावली तेव्हा तो ३३चा. त्या दिवशी अलीची नोंद होती ४९ विजय, २ पराभव. विजयांचा आकडा नेमका तोच. नॉकआउट मार्सियानोचे ४३, अलीचे ३५. म्हणजे फरक उरतो तो दोन पराभवांचा आणि आठ नॉकआउटचा, आणि त्याच्या बदल्यात अलीच्या पारड्यात पडतात सनी लिस्टन दोनदा, फ्रेझर दोनदा आणि ४० लढतींत अपराजित असलेला २५ वर्षांचा जॉर्ज फोरमन. जेतेपद राखण्याच्या लढती मार्सियानोच्या सहा, अलीच्या सगळ्या मिळून एकोणीस. कारकिर्दीचे वजन करायचे तर पारडे अलीकडे झुकते. वेळेवर थांबण्याचे शहाणपण मात्र निर्विवाद मार्सियानोचे. अलीला ते कधीच जमले नाही, आणि त्याची किंमत त्याने रिंगणाबाहेर मोजली.

शून्य राखणे सोपे नाही हे होम्सने पुढे स्वतःच दाखवले. ४८-० अशी नोंद घेऊन तो २१ सप्टेंबर १९८५ला लिऑनच्याच धाकट्या भावासमोर, मायकेल स्पिंक्ससमोर, उतरला आणि गुणांवर हरला. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे झाली होती.

मार्सियानो आणि अली यांची एक लढत प्रत्यक्षात चित्रितही झाली. १९६९मध्ये मायामीतल्या मरी वोरोनर या निर्मात्याने संगणकाला दोघांची माहिती पुरवली आणि दोघांना रिंगणात उतरवून अनेक शेवट चित्रित केले. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले, डोक्यावर टोप चढवला. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दाखवलेल्या शेवटात तेराव्या फेरीत अली पडतो. मार्सियानो तो पाहायला नव्हता. चित्रीकरणानंतर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ला, आयोवात विमान कोसळून तो गेला होता. ही लढत दोघांच्याही नोंदीत नाही.