भरलेली फट

चिपबोर्ड हा लाकडाच्या घराण्यातला फारसा मानाचा सदस्य नाही. लाकडाचा चुरा आणि रेझिन एकत्र करून, गरम करून, दाबून तो बनवतात. आपल्याकडच्या स्वस्त कपाटांतला पार्टिकल बोर्ड म्हणजे हाच. इंग्लंडमध्ये मात्र त्याची जमीन करतात. खाली जॉइस्ट, म्हणजे लाकडी तुळया, आणि त्यांवर आडवे २४०० बाय ६०० मिलिमीटरचे बोर्ड. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. खाचेत गोंद, तुळईवर गोंद, वरून स्क्रू. मग कार्पेट येतं आणि केलेलं सगळं दिसेनासं होतं.

लीड्समधल्या आमच्या जुन्या घरात वरच्या खोलीची जमीन मी अशी केली. कामापेक्षा जास्त वेळ फटींचा विचार करण्यात गेला.

या जमिनीत दोन बोर्डांमध्ये फट राहता कामा नये. राहिली तर बोर्ड एकमेकांवर घासतात आणि जमीन करकरते. पण भिंतीलगत साधारण १० मिलिमीटर फट सोडावीच लागते. चिपबोर्ड हवेतला ओलावा घेऊन फुगतो, त्याला सरकायला जागा लागते. ती फट घट्ट भरली तर बोर्ड सांध्यावर वर उचलले जातात. व्हिडिओ कॉलवर बाबांना ती दिसली. "अरे, एवढी फट? व्हाइट सिमेंट भरून टाक की."

"बाबा, ती मुद्दाम ठेवलीये. वरून स्कर्टिंग येणार आहे."

त्यांना ते फारसं पटलं नाही. शहाबादी फरशीच्या घरात आयुष्य गेलेल्या माणसाला फट म्हणजे मुंग्यांचा रस्ता आणि गवंड्याची कामचुकारी. तिथे ते बरोबरही आहे. फट भरावी की नाही, हे टापटिपीवर ठरत नाही. खालच्या मजल्यावर जुन्या फळ्यांमधून थंडगार वारा येतो, त्या फटी बुजवलेल्या बऱ्या. पण त्याच जमिनीखाली हवा खेळावी म्हणून बाहेरच्या भिंतीत भोकांच्या विटा बसवलेल्या असतात. वारा येतो म्हणून त्या बुजवल्या तर तुळया कुजू शकतात.

इथपर्यंत हा इंजिनिअरिंगचा प्रश्न झाला. नीतीचा प्रश्न पुढे सुरू होतो, कारण भरलेली फट काहीतरी बोलते. ती पुढच्या माणसाला सांगते, 'इथे बघण्यासारखं काही नाही.' हे खरं असेल तर उत्तम. आपल्याकडचा सुतार भुसा आणि फेविकॉल कालवून खिळ्याचं भोक भरतो, त्यात कोणाची फसवणूक नसते. पण ओल लागून फुगलेल्या सांध्यावर तोच लगदा तितक्याच सफाईने लिंपला, तर हात तोच, पत्राही तोच, आणि वाक्य खोटं.

इंग्लंडचा कायदाही जवळपास असाच विचार करतो. घर घेताना डोळे उघडे ठेवणं ही खरेदीदाराची जबाबदारी. घरातले दोष विकणाऱ्याने आपण होऊन सांगितलेच पाहिजेत असं सहसा नाही. पण झाकणं वेगळं. गॉर्डन विरुद्ध सेलिको या खटल्यात लाकूड पोखरणारी बुरशी जाणूनबुजून झाकली गेली होती. एक शब्दही न बोलता केलेलं ते झाकणं म्हणजे फसवं विधानच आहे, असं धरलं गेलं आणि १९८६ साली अपील कोर्टातही ते टिकलं.

म्हणजे गप्प बसायला मुभा, खोटं बोलायला नाही. ही रेषा मला बरीच वर्षं पुरेशी वाटायची. चिपबोर्डने ती डळमळीत केली.

जुनी जमीन खिळे ठोकलेल्या फळ्यांची होती. कोणालाही शंका आली तर पहारीने एक फळी उचकटून बघता यायचं. त्या काढताना एका फळीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'पाइप, खिळा मारू नये.' ना नाव, ना तारीख. ज्याने लिहिलं त्याला मी भेटणार नव्हतो, त्याला पैसेही बहुधा पाइप बसवण्याचेच मिळाले असतील. आम्ही कोडमध्ये कॉमेंट लिहितो, पण तिथे सहा महिन्यांनी वाचणारे आपणच असण्याची भीती असते. इथे तेवढाही स्वार्थ नव्हता.

चिपबोर्ड नीट चिकटवला की तो असा निघत नाही, कापावा लागतो. काम जितकं चोख, तितकं पुढच्याला आत डोकावणं अवघड. जिथे दुसऱ्याला स्वतः तपासता येतं तिथे माझं गप्प बसणं मला चालण्यासारखं वाटतं. पण तपासायची सोयच मी गोंदाने बंद केली असेल, तर गप्प राहण्याचा तो जुना हक्क मला उरतो का? मला नाही वाटत. कायदा काहीही म्हणो.

माझा एक मित्र याला नसता उपद्व्याप म्हणतो. "अरे, पुढचा येईल तो करवत घेऊन येईल. त्याला तुझ्या पेन्सिलीची गरज नाही." त्याच्या म्हणण्यात दम आहे. काल्पनिक माणसाच्या सोयीसाठी आज खोलीत झोपणाऱ्याने करकर का ऐकावी? म्हणून सगळीकडे गोंद लावला. फक्त हीटरचे पाइप जोडले आहेत तिथे एक चौकोन कापून ठेवला. त्याच्या चारही कडांखाली आधाराची लाकडं दिली, गोंद लावला नाही, आठ स्क्रू मारले. भोवतीची दोन मिलिमीटरची फट तशीच ठेवली. ती भरली असती तर चौकोन आहे हेच कळलं नसतं. बोर्डवर जाड मार्करने इंग्रजीत लिहिलं: पाइपांचा सांधा इथे, पाइप खिडकीकडे जातात.

त्या चौकोनावर पाय पडला की बारीक टक् असा आवाज येतो. बायकोने दोनदा विचारलं, हे असंच राहणार का? राहणार, म्हटलं. कार्पेटवाला येऊन गेला तेव्हा त्यानेही तिथे पाय दाबून पाहिला, मार्करचं वाचलं, आणि काही न बोलता खालचा फोम त्या कडेने कापून बसवला.