तापल्या पायरीवरचे थेंब

पुण्यातल्या एका जुन्या स्टुडिओत दोन पोरं काकांकडे काम शिकत होती. थोरला चलाख. धाकट्याला अंधारात फिल्म रिळावर चढवणं काही केल्या जमेना.

"काका, आठवड्याला एकदा दाखवतो त्याला. मला जितकं दाखवलंत तितकंच. आणखी किती?" थोरला वैतागून म्हणाला. काका गप्प राहिले.

एप्रिलात दोघं पोरं यवतजवळच्या भुलेश्वरला गेली. काळ्या दगडाचं यादवकालीन देऊळ. प्रदक्षिणेच्या वाटेवर भर दुपारीही डोळे सरावायला वेळ लागतो. थोरल्याने ट्रायपॉड लावला, मीटर धरला. ट्राय-एक्स ४०० फिल्म, एफ १६, १० सेकंद. त्याने बरोबर १० मोजले.

निगेटिव्ह धुतली, तर कवडसा तेवढा उमटलेला. शिल्पाचा चेहरा होता तिथे कोरी, पारदर्शक फिल्म.

"उजेड निम्मा तर वेळ दुप्पट, हे तुम्हीच शिकवलंत. थेंबे थेंबे तळे साचे!"

पुढच्या रविवारी काकांनी त्याला देवळाच्या तापलेल्या पायरीपाशी बसवलं आणि हातात पाण्याची बाटली दिली. "एक थेंब सोड. साठ मोज. मग दुसरा."

थेंब पडला, काळा डाग पसरला, कडेकडेने आक्रसला आणि साठ व्हायच्या आत नाहीसा झाला. दहा थेंब झाले तरी दगड कोरडाच. मग काकांनी दहाही थेंब लागोपाठ सोडायला लावले. या वेळी रुपयाएवढा ओला डाग कितीतरी वेळ टिकला.

"फिल्ममधल्या चांदीच्या क्षाराचंही असंच असतं रे. उजेडाच्या पहिल्या स्पर्शाने चांदीचा एक अणू तयार होतो. एकटा तो फार टिकत नाही. तेवढ्यात दुसरा आला तर जोडी तग धरते. तीन-चार जमले की डेव्हलपरला तो कण सापडतो. आत उजेड इतका थोडा, की दुसरा येईपर्यंत पहिला गेलेला असतो."

कृष्णविवरांच्या गणितासाठी नावाजलेल्या कार्ल श्वार्झशिल्डनेही तरुणपणी व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या फोटोंवरून मंद उजेडातली ही तूट मोजली होती. अंधुक ताऱ्याला साधा गुणाकार पुरत नाही, हे त्याने १९०० च्या सुमारास मांडलं.

कोडॅकचा तक्ता काकांना पाठ होता: मीटरने १ सेकंद सांगितला तर २ द्यायचे, १० सांगितले तर ५०, आणि १०० सांगितले तर १२००, म्हणजे तब्बल २० मिनिटं. थोरल्याने ५० सेकंद दिले. कवडशाला मुळातच भरपूर उजेड मिळाला होता. तो करपू नये म्हणून डेव्हलपिंग २० टक्के कमी केलं.

या वेळी शिल्पाच्या पापण्यांची कड उमटली. थोरला बराच वेळ निगेटिव्ह उजेडापुढे धरून उभा होता. कोपऱ्यात धाकट्याची फिल्म पुन्हा रिळात अडकली होती.

थोरल्याने एक वाया गेलेला रोल उचलला आणि दिवा मालवला. "ये. हात माझ्या हातावर ठेव. जमेपर्यंत उठायचं नाही."

काकांनी बाहेरून दाराच्या फटीला कापड लावलं आणि चहाचं आधण ठेवलं.