वाघाचा मतदारसंघ

एप्रिल २०१६ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जंगलात ‘जय’ वाघाच्या रेडिओ कॉलरचा संदेश बंद पडला. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात आला होता आणि त्याला पाहायला देशभरातून पर्यटक येत होते. तो सापडेना तेव्हा वनखात्याबरोबर स्वयंसेवकांनीही जंगल पालथं घातलं. सर्वांत मोठा आवाज मात्र राजकारणातून उठला. भंडारा-गोंदियाचे तेव्हाचे खासदार नाना पटोले यांनी शिकारीचा संशय व्यक्त करत थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. ते तेव्हा सत्ताधारी भाजपमध्येच होते. जयचा पत्ता अजून लागलेला नाही.

वन्यजीव संस्थांचं मात्र एक वाक्य ठरलेलं असतं: आम्ही राजकारणात पडत नाही. त्यामागची भीती खोटी नाही. देणगीदाराला करसवलत मिळते ती संस्था धर्मादाय म्हणून. परदेशी देणग्यांचा २०१०चा कायदा राजकीय स्वरूपाच्या संघटनेला पैसा घेऊ देत नाही. शिवाय जंगलात काम करायचं तर परवानगी वनखात्याची लागते, आणि खात्यावर मंत्री असतो. तरीही या भीतीचा बाऊ जास्त झाला आहे. लोकहितासाठी बंद किंवा मोर्चाचा मार्ग धरला, एवढ्यावरून पक्षीय हेतू नसलेल्या संस्थेला राजकीय ठरवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे.

मुळात कायद्यानेच राजकारणी आणि संस्था यांना एका टेबलावर बसवलं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, आणि त्याच मंडळात विधिमंडळाचे तीन सदस्य व स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी. अभयारण्यातून जाणारा रस्ता असो की कालवा, चर्चा तिथे होते. तिथे बसणाऱ्याने राजकारणाशी संबंध नाही म्हणणं पटत नाही.

विदर्भातल्या संस्थांनी राजकारण केलंच आहे, फक्त त्याला ते नाव दिलं नाही. २००९ मध्ये ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपूरच्या इको-प्रोचे बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि ती खाण झाली नाही. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला; आज तिथे वाघ-चितळांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल आहेत. ही दोन्ही कामं मोलाची.

पण कोर्टाची वाट गावाला वळसा घालून जाते. वनहक्क कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत विदर्भातल्या संस्थाही होत्या. त्यांच्या याचिकेवर १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, वनहक्काचे दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश निघाला. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. केंद्र सरकारच धावत कोर्टात गेलं आणि २८ तारखेला स्थगिती मिळाली. जंगल वाचवायला निघालेल्यांनी जंगलातल्या माणसालाच समोर उभं केलं, आणि त्या माणसाच्या हातात मत आहे याचा हिशेब केला नाही. ही चूक केवळ डावपेचाची नव्हती, न्यायाचीही होती.

पवनी-साकोलीकडे धान निसवायला लागला की रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरतात. एका रात्रीत लोळून, तुडवून अर्धी बांधी जमीनदोस्त. शेतकरी जागलीला जातो. रात्रभर जागून थकलेला एखादा विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडतो. डुक्कर मरतं, कधी माणूस मरतो, कधी वाघ. जयचा बछडा श्रीनिवासन २०१७ मध्ये नागभीडकडे असाच गेला. या तारेचा बंदोबस्त गस्तीने थोडा होईल. दिवसा वीज, पिकाची भरपाई वेळेत, कुंपणाला सौम्य झटका देणाऱ्या मशीनला अनुदान या मागण्या मात्र आमदाराच्याच दारात न्याव्या लागतात. तिथे शेतकरी संघटना दिसते, वन्यजीव संस्था क्वचितच. मग नेत्याच्या कानावर एकच बाजू पडते: वाघ हटवा.

याच परिसरात दुसरी रीतही आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांसोबत मामा (माजी मालगुजारी) तलावांवर काम केलं. बेशरम हे तण उपटलं, देशी पाणवनस्पती लावल्या. त्यातून मासे आणि पक्षी दोघांनाही आसरा मिळतो. पण तलाव कुठे पाटबंधारे खात्याचा, कुठे जिल्हा परिषदेचा. मासेमारीची लीज सहकारी संस्थेकडे, आणि त्या संस्थेतही निवडणूक. म्हणजे पाणवनस्पती लावणाऱ्यालाही लीज, सभा आणि ठराव यांतून जावंच लागतं.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हा वनमंत्री सुधीर मुनगंटीवार हजर होते. पुढाऱ्यांना वाघ हवाच आहे, निदान सोडण्याच्या दिवशी. संस्थांनी कोणाच्या प्रचाराच्या मंचावर चढू नये, कोणाचा झेंडा घेऊ नये. पण उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, प्रत्येकाला गावकऱ्यांसमोर विचारावं की नवेगाव-नागझिरा भ्रमणमार्गातला महामार्ग वाघ कसा ओलांडणार, आणि डुकरांनी तुडवलेल्या बांधीचे पैसे किती दिवसांत मिळणार. दोन्ही प्रश्न एकाच सभेत, एकाच दमात. भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यालगतच्या गावांच्या ग्रामसभांपासून याची सुरुवात करता येईल. त्यासाठी ना परदेशी पैसा लागतो, ना मंत्रालयाची परवानगी.